१ ते ७ जूनचा दिनविशेष लिहिताना काय घ्यावं, आणि ६ जून की तिथी?

प्रश्न थोडक्यात असा की गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात रोज दिनविशेष लिहायचाय, आपल्याकडच्या आणि जगातल्या दोन्ही घटना हव्यात, पण शोधायला गेलं की एकेका तारखेला पन्नास पन्नास नोंदी निघतात, त्यातलं घ्यायचं काय, आणि शिवराज्याभिषेक ६ जूनला लिहायचा की तिथीला, कारण दोन्ही बाजूंनी लोक भांडायला येतात. मी बरीच वर्षं आधी दैनिकात आणि मग रेडिओसाठी हेच सदर लिहिलंय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

राज्याभिषेकापासूनच सुरू करू कारण तो एकदा नीट समजला की बाकीच्या निम्म्या शंका आपोआप सुटतात. ६ जून १६७४ ही तारीख खरी आहे आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंदनाम संवत्सर हेही खरं आहे, दोन्ही एकाच पहाटेबद्दल बोलतात. पण ती ६ जून आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली ६ जून नाही. त्या काळात सुरत-मुंबईचे इंग्रज जुनं, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर वापरायचे. राज्याभिषेकाला रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता आणि त्याच्या नोंदी या जुन्या कॅलेंडरप्रमाणे आहेत. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये घेतलं (४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला), इंग्रजांनी मात्र ते १७५२ पर्यंत घेतलंच नाही. सतराव्या शतकात या दोन कॅलेंडरांत १० दिवसांचा फरक होता. म्हणजे आजच्या हिशोबाने राज्याभिषेक १६ जून १६७४ ला झाला. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी त्या शतकासाठी जुन्याच तारखा वापरायचा प्रघात ठेवला म्हणून ६ जून रूढ झाली, आणि तीच वापरायची, उगाच १६ जून लिहून गोंधळ घालू नका. फक्त आपल्याला माहीत असलं पाहिजे की ती कुठल्या कॅलेंडरमधली आहे.

हे तपासायची एक सोपी पद्धत म्हणजे वार. कॉम्प्युटरवर ६ जून १६७४ चा वार काढलात तर बुधवार येईल. आणि जेधे शकावलीत, म्हणजे त्या काळातल्या घटनांच्या तिथीवार जुन्या टिपणात, नोंद आहे शुक्रवारची, ज्येष्ठ शुद्ध १२, आणि तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. आता बुधवार आणि शुक्रवार जुळत नाहीत म्हणून कोणी तारीखच खोटी ठरवतो. पण १० दिवस मिळवून १६ जून १६७४ चा वार काढा, शनिवार येतो. आणि शनिवार का, शुक्रवार का नाही? कारण आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी पद्धतीत मध्यरात्री. तीन घटका रात्र उरली होती म्हणजे सूर्योदयाला साधारण सव्वा तास बाकी (एक घटका २४ मिनिटांची). आपल्या हिशोबाने अजून शुक्रवारच चालू, इंग्रजी हिशोबाने शनिवार, जुन्या कॅलेंडरची ६ जून लागलेली. आणि द्वादशी-त्रयोदशीचंही तसंच, शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून दिवसाला १२ ची नोंद, पण ती तिथी त्याच दिवशी संपली आणि पहाटे सिंहासनारोहण झालं तेव्हा त्रयोदशी चालू होती. सगळे धागे एकमेकांना असे घट्ट जुळतात की मला ते बघून दरवेळी फार समाधान वाटतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी घटका मोजून लिहून ठेवलंय आणि आज आपण ते गणिताने पडताळू शकतो, ही साधी गोष्ट नाही.

त्यामुळे भांडायला येणाऱ्यांना शांतपणे सांगा की दोन्ही बरोबर. तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेत सरकते, कारण चांद्र वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान असतं आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातं. २०२३ ला ती २ जूनला आली होती, पुढच्या वर्षी थेट जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. राज्य सरकारने २०२१ पासून ६ जून हा शिवस्वराज्य दिन म्हणून साजरा करायचं ठरवलंय, ग्रामपंचायतीत गुढी उभारतात, तर फळ्यावर ६ जूनला लिहा, आणि तिथी ज्या दिवशी येईल त्या दिवशी एक ओळ परत लिहा. रायगडावर दोन्ही सोहळे होतात, फळ्यावर दोन्ही व्हायला काय हरकत आहे.

वर्षं मोजताना मात्र सांभाळा. २०२३ मध्ये सगळीकडे "३५० वा" असे फलक लागले आणि २०२४ ला परत लागले, तेव्हा बऱ्याच लोकांचा गोंधळ झाला. ६ जून २०२३ ला ३४९ वर्षं पूर्ण होऊन ३५० वं लागलं, ३५० पूर्ण झाली २०२४ ला. "वं वर्ष" लिहायचं की "वर्षं पूर्ण" हे एकदा ठरवा आणि आठवडाभर एकच पद्धत ठेवा.

आणखी एक, राज्याभिषेक म्हणजे एका पहाटेची गोष्ट नाही, ती त्या आधीच्या आठवड्यापासून चालू होते. २९ मे ला महाराजांची मुंज झाली, ३० ला राण्यांशी वैदिक पद्धतीने पुन्हा विवाह झाले, गागाभट्टांनी सगळा विधी सांगितला, आणि मग ६ ची पहाट. आणि लगेच ११ दिवसांनी, १७ जूनला, पाचाडला जिजाऊंचा मृत्यू. पोरांना हे सलग सांगितलं तर त्यांच्या डोक्यात राहतं, नुसतं "६ जून १६७४: शिवराज्याभिषेक" एवढं लिहिलं तर ते दरवर्षी वाचतात आणि दरवर्षी विसरतात.

महाराजांच्या जन्मतारखेलाही हाच नियम लावून बघा, १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या कॅलेंडरची, आजच्या हिशोबाने १ मार्च १६३०, आणि तो वार शुक्रवार येतो, शकावलीत फाल्गुन वद्य तृतीयेला शुक्रवारच दिलाय. हे मुद्दाम सांगतोय कारण १६०० ते १७५२ च्या मधली कुठलीही नोंद उचलताना हा प्रश्न येणारच. १७०० नंतर तर फरक ११ दिवसांचा होतो. वसईच्या किल्ल्याचं बघा, कुठे १२ मे १७३९ ला पोर्तुगीज बाहेर पडले असं वाचाल आणि कुठे २३ मे. पोर्तुगीज नवं कॅलेंडर वापरत होते, आपले लेखक इंग्रजांचं जुनं, घटना एकच. गोव्याची किंवा वसईची काही जुनी नोंद घेणार असाल तर आधी हे बघा की माहिती पोर्तुगीज कागदातून आलीय की इंग्रजी.

आता निवडीचं. माझं स्पष्ट मत आहे की एका दिवसाला एक घटना नीट लिहावी, फार तर दोन, आणि आठवड्यात एखादा धागा असावा जो वाचणाऱ्याला मंगळवारी वाचलेलं शुक्रवारी आठवायला लावेल. पन्नास नोंदींची यादी फोनवर सगळ्यांना येते, ती फळ्यावर परत कशाला. आणि या आठवड्यात तर असा धागा आयता मिळतो जो फारसा कोणी जोडून सांगत नाही.

३ जून १८१८. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव असीरगडाजवळ इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण आधीच, नोव्हेंबर १८१७ मध्ये, चढलं होतं, मग महिनोन् महिने पाठलाग चालला, आणि शेवटी जूनमध्ये हे. वर्षाला ८ लाख रुपये पेन्शन आणि कानपूरजवळ बिठूरला राहायचं, पुण्यात परत यायचं नाही, अशी अट. म्हणजे ज्या आठवड्यात सिंहासन उभं राहिल्याची आठवण आपण काढतो त्याच आठवड्यात पेशवाई संपल्याचीही तारीख येते, मध्ये १४४ वर्षं. (तारखा जवळ दिसतात त्याला कॅलेंडर कारण आहे, एक जुनी आणि एक नवी, तेव्हा "अगदी तोच आठवडा" असा भावुक शब्द वापरू नका.) सातारचे छत्रपती प्रतापसिंह मात्र इंग्रजांनी गादीवर ठेवले, त्यामुळे "३ जून १८१८ ला छत्रपतींची गादी संपली" असं लिहिणं चुकीचं आहे, पेशवाई संपली एवढंच लिहा.

आणि ते बिठूर तिथेच थांबत नाही. बाजीराव १८५१ ला वारला, इंग्रजांनी दत्तक मुलाला, नानासाहेबाला, पेन्शन द्यायचं नाकारलं. पुढे १८५७ ला कानपूरच्या शिपायांनी उठाव केला तो ४ आणि ५ जूनच्या मधल्या रात्री, आणि ६ जूनला नानासाहेबांच्या नेतृत्वाखाली कानपूरचा इंग्रज सेनापती जनरल व्हीलर याच्या छावणीला वेढा पडला. झाशीतही ५ जूनलाच शिपाई उठले. बघा म्हणजे, ३ जूनला बाजीरावाचं बिठूरला जाणं लिहिलंत तर ५ ला कानपूर आणि झाशी लिहा, वाचणाऱ्याला कारण आणि परिणाम एकाच आठवड्यात दिसतो. कानपूर लिहिताना पुढे सतीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांची आणि बीबीघरात त्यांच्या बायकामुलांची कत्तल हेही घडलं होतं, दोन्ही बाजूंनी भयंकर कत्तली झाल्या, तर एकाच बाजूचं शौर्य लिहून थांबू नका, मोठ्या मुलांना हे पेलतं.

३ जूनला अजून एक मोठी घटना आहे जी टाळता येत नाही, १९४७ चा माउंटबॅटन प्लॅन. त्या संध्याकाळी ऑल इंडिया रेडिओवर माउंटबॅटन, नेहरू, जिना आणि बलदेवसिंग एकामागून एक बोलले आणि फाळणी होणार हे देशाला कळलं. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, पत्रकार परिषदेत माउंटबॅटनने सत्तांतराची तारीख ऑगस्टच्या मध्यावर असेल असं सांगितलं. म्हणजे हातात उरले साधारण दहा आठवडे, आणि तेवढ्यात एका देशाचे दोन करायचे. हा वेळेचा हिशोब फळ्यावर जरूर लिहा, पानभर वर्णनापेक्षा तो जास्त सांगून जातो. तर ३ जूनला जागा कमी पडली तर १८१८ वर लिहा आणि १९४७ चं ४ जूनच्या फळ्यावर ढकला, दोन्ही तारखा त्याच निर्णयाच्या आहेत. (बीडकडचे असाल तर ३ जून २०१४, गोपीनाथ मुंडेंचं दिल्लीत अपघाती निधन, लोक ती ओळ शोधणारच, केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता.)

१ जून हा माझ्या मते या आठवड्यातला आपल्याकडच्या लोकांसाठी सगळ्यात जवळचा दिवस, आणि सगळ्यात दुर्लक्षित. १९२९ ला याच दिवशी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि पैशाची बाजू सांभाळणारे सीताराम कुलकर्णी. चार वर्षांत ते पुण्याला आले आणि त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दुसऱ्याच वर्षी, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन धावली. सुरुवातीला फक्त वीकेंडची गाडी, सात सात डब्यांचे दोन रेक, एक रुपेरी रंगाचा त्यावर लाल पट्टे, दुसरा निळा त्यावर सोनेरी रेघा. विजेच्या इंजिनावर चालणारी, आणि तिसऱ्या वर्गाचा डबाच नाही, तो यायला १९५५ उजाडावं लागलं. ही शेवटची माहिती मी नेहमी लिहितो कारण आपण तिला मध्यमवर्गाची लाडकी गाडी म्हणून ओळखतो, पण पहिली पंचवीस वर्षं ती साध्या माणसाची नव्हतीच. आता दरवर्षी पासधारक पुणे स्टेशनवर केक कापतात.

आणि साध्या माणसाची गाडी त्याच तारखेला अठरा वर्षांनी आली. १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), एसटीची पहिली बस. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या सीट. इथे एक ठरलेली चूक होते, "महाराष्ट्र शासनाने एसटी सुरू केली" असं लिहितात. महाराष्ट्र राज्य झालं १९६० ला, १९४८ ला हा मुंबई प्रांत होता आणि सेवा त्याच प्रांताच्या सरकारने सुरू केली. नावं त्या काळची वापरा आणि आजचं नाव सोबत द्या, एवढं पाळलं की पुरे. खेड्यातला मुलगा तालुक्याच्या कॉलेजला जायला लागला, बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोचायला लागली, भाजीची पाटी बाजाराला निघाली, यामागे ही लाल गाडी आहे, आणि तिचा वाढदिवस आपल्या पेपरांत आतल्या पानावर दोन ओळीत जातो. मी तरी १ जूनला इतर काहीही असलं तरी एसटीच घेईन. तुमच्या गावात पहिली बस कधी आली हे म्हाताऱ्या माणसांना विचारून फळ्याच्या कडेला लिहा, अशा ओळीसमोर लोक थांबून बोलतात.

१ जूनचे जन्मदिवस मात्र जपून घ्या. एकेकाळी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सरळ १ जून टाकायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि वयाचा हिशोब सोपा जायचा. त्यामुळे ग्रामीण भागातून आलेल्या अनेक नेत्या-कलावंतांची नोंद १ जून अशीच सापडते. दुसरा पुरावा, म्हणजे घरातलं टिपण, पत्रिका, स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र, असं काही असेल तरच जन्म म्हणून लिहा, नसेल तर "नोंदलेली जन्मतारीख" म्हणा. पक्का जन्म हवा असेल तर एक सुंदर नाव आहे, सत्येंद्रनाथ टागोर, १ जून १८४२. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ, आयसीएस, म्हणजे इंग्रज सरकारच्या वरिष्ठ प्रशासकीय नोकरीत गेलेले पहिले भारतीय. नोकरी सगळी मुंबई इलाख्यात, साताऱ्याला न्यायाधीश होते आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. अशी माणसं दिनविशेषात आली की स्थानिक आणि बाहेरचं असे दोन वेगळे कप्पे करायची गरजच उरत नाही.

२ जूनला मी जास्त वेळ घालवत नाही. तेलंगणाची स्थापना, २०१४, ती नांदेड-चंद्रपूरकडच्या सीमेवरच्या लोकांना जवळची. १९५३ ला एलिझाबेथचा राज्याभिषेक लंडनमध्ये झाला, आणि त्याच सकाळी तिथल्या पेपरात एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी आली, चढाई मात्र २९ मे ची. हे उदाहरण एवढ्याचसाठी की घटनेची तारीख आणि बातमीची तारीख वेगळी असते, आणि जुन्या पेपरांवरून दिनविशेष काढणारे लोक नेमकी बातमीची तारीख घेतात. विशेषतः निधनाच्या नोंदीत हे फार होतं, पेपर दुसऱ्या दिवशीचा असतो आणि माणूस आदल्या दिवशी गेलेला असतो.

४ जून जगाच्या बाजूने जड आहे. १९८९ ला बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं आंदोलन चीनच्या सैन्याने रणगाडे घालून चिरडलं, आणि त्याच दिवशी पोलंडमध्ये निवडणूक झाली, अंशतःच खुली, पण तिथल्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने जवळजवळ सगळ्या खुल्या जागा जिंकल्या आणि काही महिन्यांत कम्युनिस्ट नसलेला पंतप्रधान आला. एकाच तारखेला एकीकडे दार बंद झालं, दुसरीकडे उघडलं, या दोन ओळी शेजारी शेजारी लिहा. तिआनमेनमधल्या मृतांचा आकडा लिहू नका, तो आजही वादात आहे, शेकड्यांपासून हजारांपर्यंत अंदाज आहेत. हाच नियम ६ जून १९८४ च्या ब्लू स्टार या लष्करी कारवाईला, ती जूनच्या पहिल्या आठवड्यात अमृतसरला सुवर्णमंदिरात झाली, तिथे सशस्त्र साथीदारांसह असलेला भिंद्रनवाले ६ ला मारला गेला, अकाल तख्ताचं मोठं नुकसान झालं, यात्रेकरूही मेले. एवढं साधं वाक्य लिहा, विशेषणं टाकू नका. अनेक घरांत ते दुःख अजून ताजं आहे.

५ जून म्हटलं की सगळे पर्यावरण दिनाचं झाड काढतात फळ्यावर, काढा, पण खाली लिहा की १९७२ ला स्टॉकहोममध्ये संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद याच दिवशी सुरू झाली म्हणून ही तारीख. त्या परिषदेत इंदिरा गांधी बोलल्या होत्या, पण त्यांचं भाषण १४ जूनचं, ५ चं नाही, ही गल्लत फॉरवर्डमध्ये दिसते. आणि ५ जूनला एक मराठी नाव आहे जे आपण रस्त्याच्या पाटीवरच ठेवलंय. ना. म. जोशी, जन्म १८७९, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. मुंबईत १९११ ला सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं चालवली, १९२० ला आयटक ही देशपातळीवरची कामगार संघटना उभी राहिली त्यात ते पुढे होते. लोअर परळला ज्याला जुने लोक अजून डिलाईल रोड म्हणतात तो ना. म. जोशी मार्ग. कामगारांसाठी वाचनालयं चालवलेल्या माणसाचा जन्मदिवस वाचनालयाच्या फळ्यावर नसेल तर मग कुठे असणार, तेव्हा माझा आग्रह आहे की ५ ला ते आणि कानपूर, आणि झाडाचं चित्र शेजारी.

६ जूनला राज्याभिषेकासमोर जगातली नोंद एकच ठेवा, दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मनीविरुद्ध केलेला १९४४ चा नॉर्मंडीचा हल्ला. दीड लाखाहून जास्त सैनिक एका दिवसात फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले. हा हल्ला खरं तर ५ जूनला ठरला होता, पण हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅगने वादळाचा इशारा दिला आणि दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवरने एक दिवस पुढे ढकलला. मुलांना ही हवामानाची गोष्ट फार आवडते.

७ जूनला तीन गोष्टी आहेत. १४९४, तोर्देसियासचा तह, स्पेन आणि पोर्तुगालने युरोपबाहेरचं जग आपसात वाटून घेतलं, केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर (लीग हे अंतराचं जुनं माप) रेघ मारली आणि तिच्या पूर्वेचं पोर्तुगालला. चार वर्षांत वास्को द गामा कालिकतला पोचला, सोळा वर्षांत आल्बुकर्कने गोवा घेतला, म्हणजे गोवेकरांच्या साडेचारशे वर्षांची सुरुवात एका अर्थाने या कागदापासून होते आणि तो कागद करताना इथल्या कोणाला विचारलंही नव्हतं. १८९३, दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही गांधींना रात्री गाडीतून उतरवलं. आणि १९७५, पुरुषांच्या पहिल्या क्रिकेट विश्वचषकाचा पहिला दिवस, लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या आणि आपल्या सुनील गावस्करने पूर्ण ६० षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६, भारत ३ बाद १३२, हार २०२ धावांनी. याची टिंगल करणाऱ्या पोस्ट दरवर्षी फिरतात. तुम्ही लिहिताना एवढं जोडा की एक दिवसाचं क्रिकेट तेव्हा आपल्या खेळाडूंना जवळपास नवंच होतं, आणि आठच वर्षांनी, १९८३ ला, याच मैदानावर भारताने कप उचलला, त्या संघात गावस्कर होता.

वाचनालयात येणारी मुलं जास्त असतील तर क्रिकेट वर लिहा आणि गांधींची गोष्ट खाली, मोठी माणसं जास्त असतील तर उलट. गोव्याकडे किंवा सिंधुदुर्गात असाल तर तह वगळू नका. अक्षर मोठं ठेवा, एका दिवसाला साठ-सत्तर शब्दांच्या वर जाऊ नका, आणि प्रत्येक नोंदीची माहिती कुठून घेतली ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, कारण कोणी ना कोणी येऊन विचारणारच. डेक्कन क्वीन आणि प्रभात दोघांचीही शंभरी जवळ आलीय, प्रभातची १ जून २०२९ ला आणि गाडीची २०३० ला, तर गावात जुनी तिकिटं, प्रभातच्या सिनेमांच्या जाहिराती किंवा फोटो कोणाकडे असतील तर आत्तापासूनच गोळा करायला लागा, त्या वर्षी ऐनवेळी काही मिळत नाही.